गणिताच्या इतिहासातल्या गोष्टी सांगताना गणित का गळून पडतं?

शून्यलब्धी (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी अधूनमधून गणिताच्या इतिहासातल्या गोष्टी सांगतो. ऐकायला शाळेतली मुलं असतात, त्यांना घेऊन आलेले आजी-आजोबा असतात, दुकान लवकर बंद करून येणारेही असतात. गोष्टींत माणसं रमतात. माझी अडचण वेगळी आहे.

भास्कराचार्यांचं नाव काढलं की सभेतलं कुणी ना कुणी लीलावतीची कथा सांगतंच. मुलीच्या पत्रिकेत लग्नाबाबत अशुभ योग, तो टळावा म्हणून वडिलांनी काढलेला नेमका मुहूर्त, तो साधण्यासाठी मांडलेलं घटिकापात्र. मुलगी कुतूहलाने वाकून बघते, दागिन्यातला मोती पात्रात पडतो, तळाचं भोक बुजतं, पाणी शिरत नाही आणि मुहूर्त निघून जातो. मग वडील म्हणतात, तुझ्या नावाने असा ग्रंथ लिहितो की तो कायम टिकेल.

कथा सुंदर आहे, पण ती आपल्याला भेटते अकबराच्या दरबारातल्या फैझीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत. मूळ 'लीलावती' ११५० ची. मध्ये ४३७ वर्षं गेली.

माझं दुःख त्या मोत्याचं नाही. ही कथा डोळ्यांत पाणी आणून सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लीलावतीतलं एकही गणित पाहिलेलं नसतं, त्याचं आहे. ग्रंथात बेरजेचं पहिलंच उदाहरण 'अये बाले लीलावति' अशा हाकेने सुरू होतं. बाळे, तू हुशार आहेस तर २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज सांग, आणि ती दहा हजारांतून वजा करून दाखव. उत्तरं ३६० आणि ९६४०. मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी तोंडी बेरीज करून उत्तर आधी सांगितलं. नऊशे वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी स्वतः उत्तर दिलं! अशी गोष्ट माणूस घरी घेऊन जातो.

माझं म्हणणं एवढंच की गणिताच्या इतिहासातल्या गोष्टीत गणित हवंच, निदान एक पायरी तरी ऐकणाऱ्याने स्वतः चढावी अशी. तुम्ही मुलांना, मित्रमंडळींना कोणत्या गोष्टी सांगता? त्यांतलं गणित कसं सांगता? सविस्तर लिहा.

---

मालतीगंध

फार आवडीचा विषय काढलात. मी संस्कृत शिकवते, त्यामुळे लीलावतीकडे दुसऱ्या दाराने गेले. भुंग्यांचं उदाहरण वर्गात दरवर्षी घेते. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ इतके भुंगे मालतीकडे गेले. सगळ्या थव्याचे ८/९ भुंगेही गेले. उरलेल्यांतला एक रात्री सुगंधाच्या लोभाने कमळात शिरला आणि पाकळ्या मिटल्यावर आतच अडकला. तो आत गुणगुणतोय आणि बाहेरून त्याची भुंगी साद देतेय. तर थवा केवढा?

उत्तर ७२. निम्मे ३६, त्याचं वर्गमूळ ६. बहात्तरचे ८/९ म्हणजे ६४. वर आत एक आणि बाहेर एक. ६ + ६४ + २ = ७२.

इथे वर्गसमीकरण आहे हे मुलांना आधी सांगत नाही. आधी श्लोक चालीत म्हणतो, मग कमळातल्या भुंग्याचं काय झालं यावर चर्चा होते, मग कुणीतरी म्हणतं, "पण टीचर, निम्म्याचं वर्गमूळ पूर्ण यायला हवं ना?" तिथून गणित आपोआप सुरू होतं. भास्कराचार्य कवी होते म्हणून हे घडतं. उदाहरणातलं काव्य वरून लावलेली सजावट नाही. त्या भुंगीला विसरलं तर उत्तरच चुकतं!

आणखी एक. ग्रंथात 'बाले' येतं तसं 'सखे' आणि 'मित्र' असंही येतं. म्हणजे ऐकणारा प्रत्येक वेळी एकच नाही. नुसत्या संबोधनावरून मुलगी, पत्नी की शिष्या असा निकाल लावता येत नाही. मी मुलांना हे श्लोकच दाखवते आणि त्यांना ठरवू देते.

---

रात्रपाळी

थोडी वेगळी बाजू मांडतो. मी गणितात कच्चा होतो. मोत्याची गोष्ट मला आजोबांनी सांगितली नसती तर भास्कराचार्य हे नाव माझ्या कानावरून गेलंही नसतं. आज मुलीला घेऊन असल्या कार्यक्रमांना जातो त्याचं मूळ त्या गोष्टीतच आहे. दंतकथा म्हणून ती काढून टाकली तर माझ्यासारख्यांना आत यायला दार कुठलं?

---

शून्यलब्धी

रात्रपाळी, दार बंद करा असं माझं म्हणणं नाही. मीही ती कथा सांगतो. पण फैझीचं नाव आणि साल घेऊन सांगतो, आणि त्यासोबत घटिकापात्र कसं चालतं ते पाणी भरलेल्या घंगाळात करून दाखवतो. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. दिवसाच्या ६० घटिका. भोक केवढं असावं हे ठरवायला किती वाट्या वाया जात असतील, याची कल्पना स्वतः करून पाहिल्याशिवाय येत नाही. वाटी हळूहळू बुडताना मुलं श्वास रोखून बघतात. दंतकथाच, पण तिच्यात एक खरं यंत्र आहे आणि त्याला हात लावता येतो.

---

खानदेशची माती

भास्कराचार्यांच्या घराण्याबद्दल खात्रीचं काही हवं असेल तर आमच्याकडे या. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या परिसरातला शिलालेख. १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे सिद्धान्तशिरोमणी वगैरे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ स्थापन केला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखात त्रिविक्रमापासून पुढची पूर्ण वंशावळ आहे. भास्कराचार्यांचे वडील महेश्वर, मुलगा लक्ष्मीधर, नातू चांगदेव. आणि लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पेठेत येणाऱ्या मालावरचा कोणता वाटा मठाला मिळेल, ते त्यात सांगितलंय.

जरा विचार करा. गणित-ज्योतिष शिकवण्याचा खर्च कुठून भागायचा, हे आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवलंय, आणि तेही बाजारातल्या माणसाला कळेल अशा भाषेत! मला मोत्याच्या कथेपेक्षा ही जास्त भिडते. नातवाला आजोबांच्या नावाचं देऊळ बांधता आलं असतं. त्याने शाळा काढली.

---

थेम्सकाठी

लंडनहून लिहितोय. माझ्या रोजच्या वाटेवर पटनी लागतं, त्यामुळे १७२९ ची गोष्ट माझ्या जवळची. रामानुजन तिथल्या शुश्रूषागृहात आजारी होते. केंब्रिजचे गणिती हार्डी टॅक्सीने भेटायला गेले आणि म्हणाले, टॅक्सीचा नंबर १७२९ होता, तसा नीरसच. रामानुजन म्हणाले, छे, फार सुरेख संख्या आहे, दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ही सगळ्यात लहान. १³ + १२³ आणि ९³ + १०³.

ही गोष्ट हार्डींनीच लिहून ठेवलीय. ती सांगून लोक बहुतेक 'काय दैवी बुद्धी!' म्हणून थांबतात. पण खरं मोठेपण पुढे आहे. १९७६ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात जॉर्ज अँड्र्यूज यांना रामानुजन यांच्या शेवटच्या काळातली पानं सापडली. त्यात दोन घनांची बेरीज तिसऱ्या घनापेक्षा फक्त १ ने कमी किंवा जास्त अशी उदाहरणं आहेत, आणि अशी उदाहरणं अखंड तयार करणारी रीतही. ९³ + १०³ = १२³ + १ हे त्यातलंच एक. दुसरं पाहा: १३५³ + १३८³ = १७२³ − १.

दोन पूर्ण घनांची बेरीज पूर्ण घन होत नाही, हे सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणिती फर्माचं प्रसिद्ध विधान. ते किती थोडक्यात हुकतं, याचा हा माणूस शोध घेत होता. १७२९ त्याच्या ओळखीची संख्या होती, कारण तो त्या वाटेवर कित्येकदा चालला होता. 'आजारपणात क्षणात सुचलं' हे ऐकून मुलाला वाटतं, आपल्याला असं कधी सुचणार नाही. 'वहीत वर्षानुवर्षं संख्यांशी खेळत होता' हे ऐकून मूल वही उघडतं. माझ्या मुलाने उघडली. ६³ + ८³ = ९³ − १ त्याला स्वतः सापडलं, तेव्हा घरात केवढा दंगा झाला!

---

अंकमोजणी

थेम्सकाठी, अगदी मनातलं लिहिलंत. हेच जर्मन गणिती गाउसबद्दल होतं. १ ते १०० ची बेरीज त्याने शाळेत क्षणात केली, १०१ च्या पन्नास जोड्या, ५०५०. ही कथा गाउसच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १८५६ साली, त्याचे मित्र सार्टोरियस यांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. गाउस म्हातारपणी ती आनंदाने सांगत असे असंही ते म्हणतात. पण त्यांच्या मजकुरात १ ते १०० असं कुठेच नाही. नुसती एक अंकगणिती श्रेढी आहे. ज्याचं आधी होईल त्याने पाटी मास्तरांच्या टेबलावर ठेवायची असा वर्गाचा रिवाज, आणि लहानग्या गाउसने गणित सांगून होतं न होतं तोच ठेवलेली पाटी. १ ते १०० नंतरच्या सांगणाऱ्यांनी घातलं.

मी वर्गात म्हणतो, 'नेमक्या कोणत्या संख्या होत्या ते चरित्रकाराने लिहिलेलं नाही, चला, आपणच मास्तर होऊ.' मग मुलं एकमेकांना अवघड श्रेढी घालतात. ७ पासून ४-४ ने वाढणाऱ्या तीस संख्या, असलं काहीतरी. जोड्या लावायची युक्ती तिथेही चालते हे कळलं की ती युक्ती त्यांची होते. कथेतली रिकामी जागा उघडी ठेवली म्हणून हे जमलं.

---

देवळालीचा

आमच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं नाव अजून कसं आलं नाही? जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक. मग आयुष्यभर देवळालीत शाळामास्तर. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. संख्यांवरच्या पुस्तिका स्वतः छापायच्या आणि भेटेल त्याला आकडे दाखवायचे. त्या वेळच्या कितीतरी विद्वानांना हे काम क्षुल्लक वाटलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'च्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. तोवर मास्तर सत्तरीला आले होते.

सभेत सांगायला यांच्याइतका सोपा गणिती नाही. प्रत्येकाला चार अंकी संख्या घ्यायला सांगा, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणि ६१७४ वर तेच केलं की पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत सगळे इथेच पोचतात. सभागृहात शंभर माणसं शंभर वेगळ्या संख्यांनी सुरू करतात आणि शेवटी सगळ्यांच्या कागदावर एकच आकडा. मी हे लग्नाच्या हॉलमध्ये करून पाहिलंय, जेवणाची पंगत लांबली होती तेव्हा. वजाबाकी येणाऱ्या कुणालाही कळतं. डहाणूच्या मुलाने देवळालीत बसून जगाला दिलेली ही गोष्ट आहे, आणि ती मराठी शाळेत दरवर्षी सांगितली जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

सप्तर्षी

वाचतोय, फार छान चाललंय. पण एक सुचवावंसं वाटतं. हे सगळं ज्ञान आपल्या वेदांत आधीच होतं, ते आधी ठासून सांगायला हवं. आपल्या मुलांना अभिमान वाटायला हवा.

---

मालतीगंध

सप्तर्षी, अभिमान मलाही हवाय, म्हणूनच लिहिते. बौधायन शुल्बसूत्रात यज्ञवेदीची मापं देताना २ च्या वर्गमुळाची रीत आहे. १ घ्या, त्यात १/३ मिळवा, त्या १/३ चा १/४ मिळवा, आणि त्या शेवटच्याचा १/३४ वजा करा. कॅल्क्युलेटरवर करून पाहा, १.४१४२१५६… येतं. खरं मूल्य १.४१४२१३५… दोरी आणि खुंट्या घेऊन विटा रचणाऱ्यांचं हे काम! सूत्र दाखवता येतं, रीत करून पाहता येते.

'सगळं आधीच होतं' म्हटलं की मात्र दाखवायला काही उरत नाही. आणि आर्यभट, ब्रह्मगुप्त, माधव, नारायण पंडित या प्रत्येकाने आपापल्या काळात जे नवं केलं, त्याचं श्रेय त्यांच्या हातून जातं. बाजारात मिळणारं 'वैदिक गणित' तर १९६५ साली छापलेल्या पुस्तकातलं आहे. त्यातल्या आकडेमोडीच्या युक्त्या जरूर शिकवाव्यात, पण नाव आणि साल सांगून.

---

सप्तर्षी

बौधायनाचं करून पाहिलं. पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर येतं. मला हे माहीत नव्हतं. लेकाला उद्या दाखवतो.

---

पाऊलवाट

एक विनंती. बायकांच्या गोष्टीही सांगा. माझी भाची आठवीत आहे, ती विचारते की गणितात सगळे पुरुषच का. मी तिला सोफी जर्मेनची गोष्ट सांगितली. पॅरिसची मुलगी, जन्म १७७६. एकोल पॉलिटेक्निकमध्ये मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून तिथल्या व्याख्यानांची टिपणं मिळवून 'मस्यू लब्लाँ' या पुरुषी नावाने उत्तरं पाठवायची. १८०४ पासून त्याच नावाने गाउसशी पत्रव्यवहार. पुढे फ्रेंच सैन्याने गाउसचं गाव घेतलं तेव्हा त्याच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून तिने ओळखीच्या सेनापतीकडे शब्द टाकला, आणि त्यातून तिचं खरं नाव उघड झालं. १८०७ च्या पत्रात गाउसने तिच्या धैर्याचं आणि प्रतिभेचं मनापासून कौतुक केलं.

धाग्याच्या नियमाप्रमाणे गणितही देते. मूळ संख्या घ्या, दुप्पट करून १ मिळवा. उत्तरही मूळ आलं तर ती जर्मेन मूळ संख्या. ५ चे ११, ११ चे २३, २३ चे ४७. पण ४७ चे ९५, साखळी तुटली. फर्माच्या विधानावर तिने जे काम केलं त्यात या संख्या मध्यवर्ती आहेत. भाची आता रोज नव्या शोधते.

---

शून्यलब्धी

सगळ्यांचे मनापासून आभार. फर्मा दोनदा आला, म्हणून माझी सगळ्यात आवडती गोष्ट आता सांगतो.

फेब्रुवारी १६५७. फर्मा फ्रान्समधल्या फ्रेनिकलला कोडं घालतो. अशी संख्या शोध, की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग यावा. दिसायला किरकोळ. शेजारचं ६० घेतलं तर उत्तर ४ आहे: ६० × ४² + १ = ३१². ६१ ला मात्र सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे! इंग्लंडमध्ये ब्राउंकर आणि वॉलिस यांनी या जातीच्या प्रश्नांवर मेहनत घेऊन रीत काढली. पुढे ऑइलरने अशा समीकरणांना चुकून पेल या इंग्रज गणितीचं नाव जोडलं आणि तेच चिकटलं.

भास्कराचार्यांनी ११५० च्या 'बीजगणित' या ग्रंथात हाच ६१ घेतला होता. फर्मापेक्षा पाचशे वर्षं आधी, आणि उत्तरासह. रीत चक्रवाल. थोडक्यात सांगतो, कागद घ्या.

नेम थोडा चुकलेली जोडी घेऊन सुरू करा. ६१ × १² + ३ = ८². एक हवा होता, तीन आले. आता ८, १ आणि ३ यांवरून पुढची जोडी काढायची. अशी संख्या शोधा की तिला १ ने गुणून ८ मिळवले तर ३ ने भाग जावा, आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. ७ चालते. मग (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ३९, आणि (८ + १ × ७) ÷ ३ = ५. तपासा: ६१ × ५² − ४ = १५२१ = ३९². आता चूक −४. इथे ब्रह्मगुप्ताची, म्हणजे इसवी सन ६२८ ची युक्ती कामाला येते: चूक ४ किंवा −४ आली की जोडीचा तिच्याशीच गुणाकार करत थेट उत्तराला पोचता येतं. वाटेत ६१ × ३८०५² − १ = २९७१८² लागतं, आणि मग

६१ × २२६१५३९८०² + १ = १७६६३१९०४९²

दर पावलाला चूक लहान ठेवायची, फिरून त्याच जागी यायचं, पण वर चढत. भास्कराचार्यांआधी जयदेवाने ही रीत मांडली होती, तिच्या आधी ब्रह्मगुप्ताची 'भावना', म्हणजे जोड्यांच्या गुणाकाराची ही युक्ती. तीन पिढ्यांचं नव्हे, पाचशे वर्षांचं काम एका कागदावर मावतं. ही गोष्ट सांगताना माझा गळा दाटतो, खरंच.

भास्कराचार्यांनी त्याच श्लोकात ६७ पण विचारलाय. तो मी सोडवून देत नाही. सुरुवात ६७ × १² − ३ = ८². कोण करतंय?

---

देवळालीचा

३ ऐवजी उणे ३ आलं की भागाकाराची चिन्हं कशी घ्यायची?

---

शून्यलब्धी

जोडी काढताना चिन्ह सोडून ३ नेच भागा. नवी चूक काढताना मात्र चिन्ह धरा. आणि दर पायरीला मूळ समीकरणात घालून तपासा, म्हणजे घसरायला होणार नाही. चूक २ किंवा −२ आली की थांबा. तिथून जोडीचा तिच्याशीच गुणाकार करून २ ने भागलं की काम होतं.

---

रात्रपाळी

मुलीने केलं. दहावीत आहे. मी शेजारी बसून फक्त गुणाकार तपासले. तिच्या वहीतलं जसंच्या तसं उतरवतो.

६७ × १² − ३ = ८²
७ घेतले: ६७ × ५² + ६ = ४१²
५ घेतले: ६७ × ११² − ७ = ९०²
९ घेतले: ६७ × २७² − २ = २२१²
आता स्वतःशी गुणाकार: २२१ × २७ = ५९६७, आणि (२२१² + ६७ × २७²) ÷ २ = (४८८४१ + ४८८४३) ÷ २ = ४८८४२

६७ × ५९६७² + १ = ४८८४२²

ती विचारतेय, फर्माने ६१ सोबत १०९ सुद्धा दिला होता ना? तो उद्या घेऊ म्हणते.